खाजणाकाठचे काका

माझे घरमालक कुजबुजत बोलायचे. गुपित वगैरे काही नसायचं, त्यांचा आवाजच तेवढा होता. पहिल्यांदा खोली बघायला गेले तेव्हा मला वाटलं, घरात कुणीतरी आजारी झोपलेलं असणार. म्हणून मीही आवाज खाली आणला. ओटीवर बसून आम्ही दोघं दहा मिनिटं असे एकमेकांच्या कानाशी बोलत होतो. शेवटी आतून काकींचा खणखणीत आवाज आला, "अगो बाय, तू तरी मोट्यानं बोल. मला आत काय पन कळत नाय."

मी तेव्हा बोईसरच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. घर साताऱ्याकडचं. समुद्र पाहिला होता तो एकदाच, शाळेच्या सहलीत. बोईसरला ज्या खोलीत राहत होते तिथं आम्ही चौघी होतो आणि खिडकी उघडली की गटाराचा वास यायचा. लॅबमधल्या एका सहकाऱ्यानं या गावाचं नाव सुचवलं. रिक्षानं अर्धा तास, खाडीच्या काठाला, हवा चांगली. घरमालक जरा वेगळा आहे, एवढं तो म्हणाला होता. वेगळा म्हणजे काय ते त्यानं सांगितलं नाही.

काकांनी मला पगार विचारला नाही, जात विचारली नाही, लग्नाचं काय ते विचारलं नाही. त्यांचे प्रश्न तीनच होते. मागच्या खिडकीत दिवा लावून ठेवायची सवय आहे का? गाणी मोठ्यानं लावतेस का? आणि पांढरे कपडे किती आहेत? पहिल्या दोन प्रश्नांना मी नाही म्हटलं. तिसऱ्याचं उत्तर देताना अडखळले, कारण लॅबचे दोन कोट पांढरेशुभ्र होते आणि रोज धुवायला लागायचे. काकांनी बराच विचार केला. मग कोट पुढच्या अंगणात वाळत घालायचे, मागे नाही, या अटीवर खोली मला मिळाली.

घराच्या मागे त्यांची वाडी होती. नारळ, चिकू, थोड्या पानवेली आणि काकींचा मोगरा. वाडी संपली की मातीचा बांध. बांधाच्या पलीकडे खाजण, म्हणजे उधाणाचं पाणी जिथं चढतं आणि उतरतं अशी खारट, चिखलाची पसरट जमीन. त्याच्याही पलीकडे तिवरांच्या झाडांची हिरवी रांग आणि मग खाडी. पहिल्या रविवारी काकांनी मला बांधावर नेलं. नेण्याआधी दाराच्या खुंटीवरचा एक मातकट रंगाचा सदरा माझ्या पंजाबी ड्रेसवर घालायला लावला. तो पाहुण्यांसाठीचा सदरा होता. कुणीही आलं तरी त्याला तो घालावा लागायचा. जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेल्या, त्यांच्या पुतणीच्या जाडजूड सासऱ्यांनाही त्यांनी तो घातला होता आणि त्याच्या दोन गुंड्या तेव्हाच तुटल्या होत्या.

बांधावर आम्ही बसलो. मला समोर नुसता चिखल दिसत होता. मी विचारलं, पक्षी कुठेत? काका म्हणाले, "बगायला गेलं का उडतात. बसायला गेलं का येतात." मी बसले. अर्ध्या तासानं चिखलाचेच काही तुकडे चालायला लागले. ते तुतवार होते. मग तांबड्या, काडीसारख्या लांब पायांचे शेकाटे आले. मग लांब वाकड्या चोचीचा एक मोठा पक्षी एकटाच उतरला आणि काकांनी माझ्या मनगटावर हलकेच बोट ठेवलं. हा कुदळ्या, म्हणाले, हा बर्फातनं येतो. त्यांच्या तोंडावर त्या क्षणी जो आदर होता तो मी नंतर त्यांच्या तोंडावर कुठल्याही माणसासमोर पाहिला नाही. मंत्री गावात आले होते तेव्हासुद्धा नाही.

त्यांचा आवाज असा कसा झाला, ते मला काकींनी सांगितलं. लग्नात ते असे नव्हते. खाडीच्या शेजारी तेव्हा मिठागर होतं आणि काका तिथं मुकादम होते. पन्नास माणसांवर ओरडायचं काम. त्यांनी इथून हाक मारली की सातपाटीच्या बंदरात ऐकू जायची, असं काकी म्हणायच्या. मग मिठागर बंद पडलं. माणसं गेली, मीठ पिकवायच्या कोंडी फुटल्या, भरतीचं पाणी वाटेल तसं आत शिरायला लागलं. काकांना काम राहिलं नाही. ते रोज सकाळी डबा घेऊन निघायचे आणि मोडक्या मिठागराच्या बांधावर जाऊन बसायचे. काकी म्हणाल्या, पहिलं वर्ष तो दुःखानं बसायचा. दुसऱ्या वर्षी पक्षी यायला लागले तसा तो पक्ष्यांसाठी बसायला लागला. जरा मोठ्यानं बोललं की सगळा थवा उठायचा, म्हणून आवाज खाली गेला. तो परत कधी वर आलाच नाही.

या आवाजानं ते गावोगाव मजा करून ठेवायचे, त्यांना स्वतःला न कळता. बँकेत गेले की खिडकीपलीकडचा माणूस आपोआप पुढे वाकायचा आणि तोही कुजबुजायला लागायचा. मागच्या रांगेतल्या लोकांना वाटायचं, काहीतरी भानगड चालू आहे. एकदा बोईसरच्या बाजारात ते एका भाजीवालीशी टोमॅटोचा भाव करत होते. शेजारच्या दोन भाजीवाल्यांनी आपापलं गिऱ्हाईक सोडून तिच्याकडे कान लावले. काय विशेष भाव देते ही, ते त्यांना ऐकायचं होतं.

दिवाळीत ते गल्लीतली सगळी मुलं आणि सगळे फटाके दोन रिक्षांत भरून रेल्वेच्या बाजूला, खाडीपासून लांब, एका मोकळ्या मैदानात घेऊन जायचे. तिथं स्वतः कानात कापूस घालून उभे राहायचे आणि फटाके संपेपर्यंत मुलांना हलू द्यायचे नाहीत. रिक्षाचं भाडं ते द्यायचे, शेवटी भेळही द्यायचे. मुलांना त्यात जत्रेची मजा यायची. गावात त्यामुळे दिवाळीचे तीन दिवस अगदी शांत असायचे आणि नवीन सून आली की तिला वाटायचं, इथं कुणाचं तरी सुतक आहे.

मुंबईहून कधीतरी दुर्बिणी गळ्यात घालून पक्षी बघणारी मंडळी यायची. त्यांच्यातल्या एकानं काकांना एक चांगली दुर्बीण भेट दिली होती. ती तांदळाच्या डब्यात ठेवलेली असायची, बुरशी धरू नये म्हणून. वापरत का नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "त्यातनं तो जवळ दिसतो. पन तो जवळ नसतोच ना. मग फसवल्यासारकं वाटतं."

काकांना मूलबाळ नव्हतं. त्याच अंगणात दुसऱ्या दाराला त्यांचे धाकटे भाऊ राहायचे. मी त्यांना धाकटे काका म्हणायची. त्यांची बायको लवकर गेली होती आणि मुलीला काका-काकींनीच वाढवलं होतं. तिच्या लग्नाच्या फोटोत काका मातकट सदरा घालून उभे आहेत. नवरदेवाकडच्या लोकांनी त्यांना मांडववाला समजून खुर्च्या आणायला सांगितल्या होत्या. त्यांनी आणल्याही. धाकटे काका बोईसरच्या एका कारखान्यात लेथवर होते, वीस वर्षं, तीही कंत्राटावर. हातात विलक्षण कसब. माझ्या कुकरची तुटलेली मूठ त्यांनी पितळेची करून दिली होती, ती आजही आहे. त्यांचं एकच स्वप्न होतं. स्वतःचा एक लेथ, स्वतःचं वर्कशॉप, दारावर स्वतःचं नाव. ते बोलायला लागले की याच विषयावर यायचे. काका ऐकायचे. दोघं भाऊ रोज सकाळी एकाच किटलीतला चहा प्यायचे आणि धाकटे काका पाळीवर निघाले की काका त्यांच्या डब्याला हात लावून बघायचे, गरम आहे ना.

हे सगळं बदललं ते एका दलालामुळे, असं म्हणणं सोपं आहे. पण तो दलाल तसा वाईट नव्हता. गोड बोलायचा, वेळेवर यायचा, काकींना ताई म्हणायचा. त्याला गोदामांसाठी जमीन हवी होती. खाजणातला बांधालगतचा मोठा तुकडा सातबाऱ्यावर दोघा भावांच्या नावानं होता. आजूबाजूच्या पाच-सहा घरांचेही तुकडे होते आणि ती सगळी घरं तयार होती. खाजणात काय पिकतं? काहीच नाही. तिथं मुरूम टाकून भराव केला की रस्त्याला लागून सपाट जागा. धाकट्या काकांच्या वाट्याला जे येणार होतं त्यात दोन लेथ आणि एक गाळा बसत होता. त्यांनी गाळा बघूनही ठेवला होता.

त्याच सुमारास सरकारकडून त्या सगळ्या भागाची पाहणी सुरू झाली होती. खाडी, तिवरं आणि जुनं मिठागर हे पाणथळ म्हणून राखायचं ठरत होतं. पण आमच्या बांधालगतचं खाजण त्यात धरायचं की नाही, यावर वाद होता. दलालानं आणि इतर मालकांनी लिहून दिलं होतं की ही जमीन कोरडी पडीक आहे, इथं पाणी येत नाही, पक्षी येत नाहीत. काकांनी उलट लिहून दिलं. म्हणजे मी लिहून दिलं. दर रविवारी ते माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून कुजबुजत मजकूर सांगायचे आणि मी तो सरकारी मराठीत उतरवायची. 'महोदय, सदर जमिनीवर अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास भरतीचे पाणी येते' असं मी वाचून दाखवलं की ते मान हलवायचे. म्हणायचे, येते असं नको, राहायला येते असं लिही. मी ते कधी लिहिलं नाही. आता वाटतं, लिहायला हवं होतं.

शेजारच्या दारात धाकटे काका असायचे. त्यांना माझं लिहिणं दिसायचं. ते मला काही बोलले नाहीत, फक्त एक दिवस म्हणाले, "तुजं अक्षर चांगलं हाय गो." मी मान खाली घातली.

पाहणीचा दिवस मे महिन्यात आला. मे महिन्यातलं खाजण म्हणजे भेगाळलेली राखाडी जमीन, वर मिठाचा पांढरा पापुद्रा. लांबून आलेले पक्षी तोपर्यंत बहुतेक परतलेले असतात. त्या दिवसात कुणालाही तिथं उभं केलं तरी तो म्हणेल, कोरडी पडीक. नोटीस आली तेव्हा मी घाबरले. काकांनी भिंतीवरचं पंचांग काढलं, तारखेवर बोट ठेवलं आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या तोंडावर खट्याळ हसू दिसलं. अमावास्येचा दुसरा दिवस होता. त्या दिवशी उधाण मोठं असतं आणि भरती एकच्या पुढे भरते. कार्यालयानं मात्र वेळ दिली होती सकाळी साडेदहाची.

मी त्या दिवशी रजा टाकली. साडेदहाला जीप आली. एक मध्यमवयीन अधिकारी बाई, एक मोजणीदार आणि एक ड्रायव्हर. बाई मनानं बऱ्या होत्या पण घाईत होत्या, दुपारी त्यांची पालघरला बैठक होती. जीप बांध उतरून सरळ खाजणातच उभी केली, कारण जमीन दगडासारखी टणक होती. दलाल आणि बाकीचे मालक समोरच्या बांधावर उभे होते. धाकटे काका त्यांच्यात होते.

बाईंनी दहा मिनिटांत सगळं बघून संपवलं. इथं तर काहीच नाही, असं त्या मोजणीदाराला म्हणाल्या आणि ते खरंच होतं. मग काकांनी बोलायला सुरुवात केली. त्यांचं बोलणं ऐकू येईना म्हणून बाई जवळ आल्या. तरी येईना म्हणून वाकल्या. काकांनी त्यांना हद्दीचे दगड दाखवायला नेलं. एकेक दगड, एकेक जुनी हकिगत. मिठागर कसं होतं, कोंडी कशा बांधायचे, कुठल्या वर्षी कुठला बांध फुटला. साडेअकरा वाजले. बाई घामानं भिजल्या. मग काका त्यांना वाडीत सावलीला घेऊन आले. काकींनी तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं आणि करंदीचं सुकं केलं होतं. बाई नको नको म्हणत बसल्या आणि जेवल्या. जेवण झाल्यावर काकांनी ताडगोळे काढले. एकेक ताडगोळा ते इतक्या निगुतीनं सोलत होते की बघणाऱ्यालाही घाई करायची लाज वाटावी.

साडेबारा वाजून गेले तशा बाई उठल्या. म्हणाल्या, काका, आता मला निघायलाच हवं. काका म्हणाले, "म्याडम, पाणी यायचं हाय."

"पाणी प्यायले मी, काका."

"तुमी प्यायलात. जमीन प्यायची हाय अजून."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना सगळं कळलं. रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी घड्याळ बघितलं, पालघरला फोन केला, थोडा उशीर होईल म्हणाल्या आणि बांधाकडे चालायला लागल्या. काकांनी खुंटीवरचा सदरा पुढे केला. त्यांनी तोही घातला.

आम्ही बांधावर बसलो. आधी भेगांमधून ओल दिसायला लागली, जणू जमिनीला खालून घाम फुटत होता. मग बिळांतून छोटे खेकडे बाहेर आले, हजारोंनी, आपला एकेक लाल डेंगा हलवत. तिवरांच्या फटींतून पाण्याची एक पातळ जीभ सरकत पुढे आली. आवाज नाही, लाट नाही. बघता बघता राखाडी जमीन आरशासारखी झाली आणि त्यात आभाळ उतरलं. पाण्याच्या कडेकडेनं शेकाटे चालत आले, बगळे आले. सगळ्यात शेवटी तिवरांच्या वरून ती गुलाबी रांग आली. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. पावसाआधी निघायचे राहिलेले थोडेसे. ते आमच्यासमोर उतरले तेव्हा बाईंनी तोंडावर हात धरला होता.

ड्रायव्हर ओरडत धावला तेव्हा जीपची चाकं अर्धी पाण्यात होती. त्याच्या ओरडण्यानं सगळा थवा उठला आणि एक गोल चक्कर मारून परत बसला. मोजणीदारानं पाण्यात उभं राहूनच मोजणी केली. बाईंनी पंचनामा बांधावर बसून, मातकट सदरा घालून लिहिला.

मी त्या वेळी समोरच्या बांधाकडे पाहिलं. बाकीचे मालक आपापसात बोलत होते, दलाल फोनवर होता. धाकटे काका एकटे पाण्याकडे बघत उभे होते. मग ते वळले आणि घराकडे चालायला लागले.

त्या संध्याकाळी अंगणात जे झालं ते मला आठवायला आवडत नाही. धाकटे काका बोलत होते आणि काका उत्तर देत होते, पण ऐकू येत होतं ते एकाचंच. वीस वर्षं दुसऱ्याच्या मशीनवर उभा राहिलो, ते म्हणाले. माझं वय निघून चाललं. तुला मुकादमी मिळाली, वाडी मिळाली, पक्षी मिळाले. मला काय मिळालं? काका काहीतरी कुजबुजले. धाकट्या काकांनी चहाची किटली उचलून अंगणात आपटली. "मोट्यानं बोल ना दादा. एकदा तरी मोट्यानं बोल. भावाशी बोलतोस का पाखरांशी?"

काकांचे ओठ हलले. त्यांनी खरंच प्रयत्न केला, मी बघत होते. गळ्याच्या शिरा ताणल्या. पण मोठा आवाज निघालाच नाही. धाकटे काका आत गेले आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून दोन घरांत दोन चहा व्हायला लागले. महिन्याभरात अंगणाच्या मधोमध नारळाच्या झापांचं कुंपण आलं.

निकाल वर्षभरानं लागला. खाजण पाणथळात धरलं गेलं, भराव टाकायला बंदी आली. बांधावर संरक्षित पाणथळ क्षेत्र असा हिरवा फलक लागणार होता आणि त्यासाठी छोटासा कार्यक्रम होता. बाईंनी काकांना खास बोलावलं होतं. सकाळी काका तयार झाले आणि मला म्हणाले, चल, साक्षीदार पायजे. मला वाटलं, कार्यक्रमाला. रिक्षा बोईसरच्या स्टेशनाकडे वळली आणि आम्ही पालघरला उतरलो, नोंदणी कार्यालयात.

वाडीचा त्यांचा रस्त्याकडचा अर्धा भाग, विहिरीसकट, ते धाकट्या भावाच्या नावानं बक्षीसपत्र करून देत होते. घरामागची नारळाची एक पट्टी आणि खाजणातला हिस्सा तेवढा स्वतःकडे ठेवला होता. धाकट्या काकांना निरोप गेला होता. ते आले, कोपऱ्यातल्या बाकावर बसले, आमच्याकडे बघितलं नाही. कारकुनानं नियमाप्रमाणे विचारलं, हे तुम्ही कुणाच्या दबावाखाली तर करत नाही ना?

काका पुढे वाकून म्हणाले, "दबाव हाय. पन दुसऱ्या कुनाचा नाय."

कारकुनाला ते नीट ऐकू आलं नाही. त्यानं नाही असं समजून पुढचं पान उलटलं. धाकट्या काकांना ऐकू आलं की नाही, ते मला कळलं नाही. त्यांनी सही केली, अंगठा लावला आणि निघून गेले.

या सगळ्यात एक माणूस विचारायचा राहिला होता. संध्याकाळी काकींना कळलं तेव्हा त्या वाडीत मोगऱ्यापाशी जाऊन बसल्या. मग म्हणाल्या, "मोगरा माजा होता. तो पन दिलास." काका त्यांच्या शेजारी जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी पाहिलं, दोघं मिळून मोगऱ्याची सहा रोपं उपटून रंगाच्या रिकाम्या बादल्यांत लावत होते. दोन मेली, चार जगली.

धाकट्या काकांनी वाडीचा रस्त्याकडचा कोपरा विकला आणि बोईसरला गाळा घेतला. दोन लेथ बसवले, दारावर नाव लावलं. काका एकदाही ते बघायला गेले नाहीत, कारण त्यांना बोलावलं नव्हतं. पण बाजारात गेले की ते त्या रस्त्यानं मोठा वळसा घालून यायचे आणि मला सांगायचे, आज दोन्ही मशीन चालू होत्या.

पुढं माझं लग्न झालं आणि मी नाशिकला आले. फोनवर काकांशी बोलणं म्हणजे एक कसरत होती. पलीकडून श्वास आणि टिटव्यांचा आवाज तेवढा यायचा. मग काकी फोन हिसकावून घ्यायच्या आणि ते काय म्हणाले ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या. तो म्हनतो कुदळ्या आला. तो म्हनतो या वर्षी चिखल चांगला हाय. तो म्हनतो तू कधी येतेस?

मी गेले नाही. मुलगी लहान होती, सासूबाई आजारी होत्या, नोकरी होती. कारणं सगळी खरी होती. गेल्या वर्षी जूनमध्ये काका वाडीत घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ते उठलेच नाहीत. भाद्रपदात गेले. मला कळलं तेव्हा दहावं होऊन गेलं होतं.

मी गेले ती दिवाळीनंतर. काकी बारीक झाल्या होत्या, आवाज तेवढा शाबूत होता. त्यांनी मला मागची खोली दाखवली. काकांची खाट त्यांनी खिडकीला लावली होती, खाजण दिसावं म्हणून. पण बंदी आल्यापासून तिवरं कुणी तोडलीच नव्हती. ती बांधापर्यंत पसरली होती, खिडकीच्या वर वाढली होती. खाटेवरून हिरव्या पानांशिवाय काही म्हणजे काही दिसत नव्हतं. काका तीन महिने त्या पानांकडे बघत पडून होते.

"मंग हा यायला लागला," काकी म्हणाल्या आणि दाराकडे बोट दाखवलं.

दारात धाकटे काका उभे होते. केस पांढरे झालेले, बोटांना लेथचं काळं तेल. अंगणातलं कुंपण गेलं होतं, ते मला येतानाच दिसलं होतं, पण मी विचारलं नव्हतं. काकी चहा टाकायला आत गेल्या. धाकटे काका रिकाम्या खाटेच्या कडेला बसले आणि त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली.

काकांना दवाखान्यातून घरी आणलं त्याच्या तिसऱ्या दिवशी ते संध्याकाळी वर्कशॉप बंद करून आले. दारात उभे राहिले. इतक्या वर्षांनी काय बोलायचं ते सुचेना. माफी मागायची, तर कुणी कुणाची? शेवटी म्हणाले, आज पाणी बांधापर्यंत आलंय. काकांनी हातानं खाटेवर जागा दाखवली. त्या दिवसापासून ते रोज यायचे आणि खाजणात काय दिसलं ते सांगायचे. त्यांना पक्ष्यांची नावं यायची नाहीत. एवढा एवढा होता, पाय पिवळे होते, शेपूट हलवत होता, असं सांगायचे. काका नाव सांगायचे. लेथवरच्या माणसाची नजर बारीक असते, त्यामुळे वर्णन चांगलं जमायचं, असं म्हणताना ते थोडे हसले.

मी म्हटलं, तुम्ही रोज कामावरून आल्यावर बांधावर जायचात म्हणजे कमालच.

त्यांनी मान हलवली. "रोज कुटला जातोय गो. पावसाचे दिवस. बोईसरवरनंच यायला अंदार व्हायचा. पयले आठ-दहा दिवस गेलो. मंग नाय जमलं. वाटेत रिक्षात बसून जुळवायचो मनात, आज काय सांगायचं ते."

"काकांना कळलं नाही कधी?"

ते बराच वेळ बोटाचं तेल दुसऱ्या बोटानं पुसत राहिले.

"श्रावनात एकदा मी त्याला सांगितलं, आज रोहित आलेत, पंचवीस-तीस. बोललो आनि लक्षात आलं. रोहित पाऊस लागायच्या आदीच जातात, हे आपल्या गावात आंदळ्याला पन ठाव हाय. मी गप झालो. त्यानं माज्याकडे बगितलं. मला वाटलं, आता हा तोंड फिरवतो."

"मग?"

"तो म्हनाला, सरकून बस जरा जवळ. कुटं उतरले ते सांग."

आतून काकींनी चहा झाल्याची हाक मारली. धाकटे काका उठले नाहीत.

"मी सांगितलं गो," ते म्हणाले. "जवळजवळ तासभर सांगत व्हतो."